‘कांहीं नाहीं’
‘आज शाळेंत काय शिकलास?’ या प्रश्नास ‘कांहीं नाहीं’ हें उत्तर बहुतेक घरीं मिळतें. प्राणहितेकांठच्या अहेरी भागांत तें अक्षरशः खरें असूं शकतें. कित्येक घरांत माडिया वा गोंडी, कांहींत तेलुगु. पुस्तक मात्र मराठी. १९७३ सालीं हेमलकशास गेलेल्या प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनाही प्रथम माडियाच शिकावी लागली. तेथील शाळा १९७६ ची. शहरांत इंग्रजी शाळेंत घातलेल्या मुलाची स्थिति फार निराळी असते काय? आईनें धडा विचारण्यापूर्वीं ‘जेवतांना शेजारीं कोण बसलें होतें?’ असें घरच्या बोलींत विचारावें. मूल बोलूं लागलें, कीं मग ‘गुरुजींचें बोलणें कळलें का?’ ‘नाहीं’ म्हणालें, तर त्याजवर न रागावतां तें गुरुजींच्या कानीं घालावें.