इम्प्लांट आणि तात्पुरता दात



दाताच्या इम्प्लांटविषयी हल्ली पुष्कळ बोलले जाते. परंतु इम्प्लांट बसविल्यापासून कायमचा दात बसेपर्यंत जे काही महिने जातात, त्यांविषयी फारसे कोणी सांगत नाही. त्या काळात रुग्णाला तात्पुरता दात दिला जातो. त्याचे काम काय आणि मर्यादा कोणत्या, एवढाच विषय आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसविलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडावर प्रयोग करताना आढळले की, हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवते. १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसविले. २००६ साली लार्सन वारले, तोपर्यंत म्हणजे सुमारे ४० वर्षे ते टिकले.

मात्र हाडाची ही पकड एका दिवसात येत नाही. सुरुवातीला स्क्रू केवळ आवळल्यामुळे घट्ट असतो. पुढे भोवतालचे जुने हाड झिजते आणि नवे तयार होते. या अदलाबदलीत, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पकड सर्वांत कमी असते. मूळ पद्धतीत खालच्या जबड्यासाठी सुमारे ३ आणि वरच्या जबड्यासाठी सुमारे ६ महिने थांबत असत. आता काही रुग्णांत हा काळ कमी करता येतो, पण तत्त्व तेच आहे. या दिवसांत इम्प्लांट केसाच्या जाडीच्या दुपटीएवढा जरी वारंवार हलला, तरी भोवती हाड धरत नाही आणि तो सैल होतो. दुखत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे म्हणूनच समजू नये.

तात्पुरता दात मुख्यतः तीन प्रकारे देतात. पहिला, काढता-घालता येणारी प्लेट. तिचा दाब जखमेवर पडू नये म्हणून ती आतून घासून मोकळी करतात. दुसरा, शेजारच्या दातांना मागून चिकटविलेला दात. तिसरा, इम्प्लांटवरच स्क्रूने बसविलेला ॲक्रिलिकचा दात. इम्प्लांट पुरेसा घट्ट बसला असेल तरच हा लगेच देता येतो. तो मुद्दाम थोडा आखूड ठेवतात, कारण समोरचा दात त्यावर आपटता कामा नये. शिवाय या दातामुळे हिरडीला हवा तसा आकार येतो आणि कायमचा दात नैसर्गिक दिसतो.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. खेळताना पुढचा दात गेला तरी जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट बसवीत नाहीत. जबडा वाढत राहतो, इम्प्लांट मात्र जागच्या जागी राहतो. अशा मुलामुलींना तोवर प्लेट किंवा चिकटविलेला दातच आधार देतो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता थोडे पथ्य. तात्पुरता दात हसण्या-बोलण्यासाठी आहे. चणे फोडण्यासाठी किंवा ऊस सोलण्यासाठी नाही. मऊ भात, खिचडी, डाळीत कुस्करलेली भाकरी दुसऱ्या बाजूने खावी. विडी-सिगारेट बंद ठेवावी, तिच्यामुळे इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. प्लेट रात्री काढून स्वच्छ धुवावी. दात हलला किंवा निघाला तर घरी गमने चिकटवू नये, डॉक्टरांकडे जावे.

शेवटचा मुद्दा पैशाचा. कष्टाच्या कमाईतून आपण हा खर्च करतो. म्हणून सांगितलेल्या रकमेत तात्पुरता आणि कायमचा असे दोन्ही दात धरले आहेत का, हे आधीच विचारावे. तात्पुरता दात चांगला दिसतो म्हणून काही जण पुढे येतच नाहीत. ॲक्रिलिक झिजते, तुटते, आणि तपासणी चुकल्याने खालचा इम्प्लांटही धोक्यात येतो. दिलेल्या तारखेला अवश्य जावे, हीच आमची विनंती.