आजीचा अंगठा उठत नाही

(अहिल्यानगर जिल्ह्यातल्या स्त्री-संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



मला विषय दिलाय ‘उतारवयातलं स्वास्थ्य आणि सामाजिक तंत्रज्ञान’. पत्रिका हातात पडली तेव्हा आमच्या मंडळातल्या एक आजी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “म्हंजी काय गं ताई?” मी म्हटलं, “म्हातारपणी माणूस एकटं पडू नये, नीट जगावं, म्हणून यंत्रं कशी बनवायची, फोन कसे वापरायचे, ते.” आजी म्हणाल्या, “यंत्राला म्हणावं, आधी माझा अंगठा तर वळख.”

मी भाषण तिथूनच सुरू करते, कारण त्यांच्याबरोबर मी पैसे काढायला गेले होते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये. गावात बँक नाही. बाजारच्या गावात एक माणूस छोटं यंत्र घेऊन बसतो. आजींनी बोट ठेवलं, लाल दिवा लागला. पदराला पुसून ठेवलं, लाल. त्याच्या सांगण्यावरून कपाळावर, केसांवर बोट घासून ठेवलं, पुन्हा लाल. दहाही बोटं झाली. “आजी, उद्या या.” उद्या म्हणजे जीपचं पुन्हा जाऊन-येऊन भाडं. बाहेर आल्यावर आजी आपल्या बोटांकडे अशा बघत होत्या, जसा काही गुन्हा त्यांनीच केला. पन्नास वर्षं खुरपं धरलं, राखेनं भांडी घासली, शेण थापलं, चुन्यासिमेंटात हात घातले. बोटांवरच्या रेषा कामात झिजल्या. राबली म्हणून रेषा गेल्या आणि रेषा गेल्या म्हणून ती ‘ती’ नाही!

यातली खरी बोच तुम्हाला पुढे कळेल. आपल्यापैकी ज्या माझ्या वयाच्या आहेत त्यांना नव्वदच्या दशकातले साक्षरतेचे वर्ग आठवत असतील. कंदिलाच्या उजेडात पाट्या, पोरं मांडीवर, डोळ्यांत झोप. आपण बायकांना सांगायचो, अंगठा द्यायचा नाही, सही करायची. ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी होती आणि ती पुसायला आपण निघालो होतो. या आजी त्याच वर्गातल्या. त्यांनी परवा माझ्या वहीच्या मागच्या पानावर सही करून दाखवली. वाकडी, पण पूर्ण नावाची, अनुस्वारासकट. ती सही त्या यंत्राला नको आहे. त्याला अंगठाच हवा आहे, आणि तो त्यांच्याकडे उरलेला नाही.

देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, रंजना सोनवणे या आदिवासी बाईंना. म्हणजे सुरुवात बाईच्याच हातापासून झाली. पण राबणाऱ्या बाईचा हात पासष्टीला कसा दिसतो, हे यंत्र बनवणाऱ्यांनी कुणाच्या हातावर बघितलं होतं? मी यंत्राच्या विरोधात नाही. बोट उठलं नाही तर डोळ्याची बुबुळं आहेत, चेहरा आहे. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी ‘जीवन प्रमाण’ 2014 मध्ये आलं आणि 2021 पासून त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. म्हणजे वाट निघते. ज्यांच्या संघटना आहेत, जे ओरडू शकतात, त्यांच्यासाठी लवकर निघते. आपल्या आजींच्या नशिबी अजून ‘उद्या या’.

तिसरा पर्याय सांगतात, फोनवर ओटीपी येतो. कुणाच्या फोनवर? फोन नातवाकडे, नातू शिर्डीला कामाला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे 54 टक्केच बायकांनी सांगितलं, की आपण स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे. ही पाहणी 15 ते 49 वयाच्या बायकांची. मूल होण्याचं वय संपलं की बाईला हा प्रश्न कुणी विचारतही नाही. पन्नाशीपुढची बाई त्या आकड्याच्या बाहेरच उभी आहे. तिच्या हातात फोन आहे की नाही, हे त्या पाहणीतून कळत नाही.

आता दुसरं उदाहरण, तेही याच जिल्ह्याशी बांधलेलं. 1988 साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाचं ते काम. ‘टाकलेली’ म्हणून जिला माहेरही धड घेत नव्हतं आणि सासरही, ती बाई पहिल्यांदा व्यासपीठावर उभी राहून बोलली. स्वतंत्र रेशनकार्ड द्या, नवऱ्याच्या नावावाचून आमचं अस्तित्व माना, ही तेव्हापासूनची मागणी. त्या वेळी ज्या पंचवीस-तिशीच्या होत्या त्या आज साठी-सत्तरीच्या घरात आहेत. 2024 साली लाडकी बहीण योजना आली, 21 ते 65 वयाच्या बाईंना महिना 1500 रुपये. सप्टेंबर 2025 मध्ये तिची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला आणि त्यांच्या फोनवर येणारा ओटीपीही. ओरड झाली. मग विधवांसाठी मृत्यूचा दाखला, घटस्फोटितांसाठी निकालाचा कागद, अशी वेगळी वाट काढावी लागली. पण टाकलेल्या बाईकडे काय असतं? मृत्यूचा दाखला नसतो, कारण तो जिवंत आहे. घटस्फोटाचा कागद नसतो, कारण त्यानं तो कधी दिलाच नाही. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या माणसाशिवाय जगून दाखवलं, त्याच्याकडे म्हातारपणी ओटीपी मागायला जायचं! संगणकावरचा तो एक चौकोन कुणीतरी बसून बनवला आहे. तो बनवताना खोलीत एक जरी परित्यक्ता असती, तर तो तसा झाला नसता.

आणि पासष्टनंतर? बहीण लाडकी राहत नाही. मी स्वतः चौसष्टची आहे, त्यामुळे हा विनोद मला करू द्या.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं सरकारी कामाचं झालं, यात ‘स्वास्थ्य’ कुठे आलं? मला वाटतं, इथेच आलं. एकटेपणा म्हणजे घरात कुणी नसणं एवढंच नव्हे. आपण आहोत हे कुणी मानत नाही, ही भावना माणसाला आतून खाते. आमच्या भागातल्या एका आजींच्या घरात पुण्याच्या मुलानं कॅमेरा बसवला. काळजीपोटीच बसवला, त्याच्या मनात वाईट नव्हतं. तो ऑफिसातून फोनवर बघतो, आई उठली का, जेवली का. आजींनी चौथ्या दिवशी त्यावर बाजाराची पिशवी अडकवली. मुलानं फोन केला, “आई, दिसत नाही काही.” त्या म्हणाल्या, “बघायचं आसंल तर ये की.” आयुष्यभर सासू, जाऊ, आळी यांच्या नजरेखाली वावरलेली बाई उतारवयात जरा मोकळी होते, तर तिच्यावर भिंतीवरून नजर ठेवायची. तिची सुरक्षा हवी, हे खरं. पण तिला विचारलं का, कुठे बसवू, कधी चालू ठेवू, कोण बघेल?

तिला विचारून, तिच्या हाताला पेलेल असं शास्त्र करता येतं का? येतं. याच जिल्ह्यात झालं आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायका आरोग्यसेविका म्हणून घेतल्या. त्यांतल्या पुष्कळ दलित, पुष्कळ निरक्षर, काही टाकलेल्या. बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग, जे ज्ञान डॉक्टरच्या कपाटात होतं ते सुटं करून, गाण्यात, गोष्टीत, चित्रात घालून या बायकांच्या हाती दिलं. त्या ठरावीक दिवशी जामखेडला जमायच्या, शिकायच्या, आपला आठवडा सांगायच्या, परत जायच्या. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं सामाजिक तंत्रज्ञान ते आहे, आणि त्यात विजेचं एक बटण नव्हतं. त्यांतल्या अनेकजणी म्हातारपणापर्यंत काम करत राहिल्या. गावाला त्यांची गरज होती, आणि गरज असलेली म्हातारी एकटी पडत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांनी पुण्याहून गावोगाव फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या. 2017 पासून त्या इंटरनेटवर, गाणारीच्या नावागावासकट ऐकायला मिळतात. तिथे टेप-रेकॉर्डर घेऊन माणसं म्हातारीकडे मागायला आली होती. तिच्याकडे देण्यासारखं काही आहे असं धरून चाललेलं यंत्र मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिलं.

आता आमचं काम सांगते, आणि आधी फसलेलं सांगते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. तरणा कोयता निघाला की घरी म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. पाच-सहा महिने. आम्ही उत्साहानं व्हॉट्सॲपचा गट काढला, आज्यांना जोडलं. महिन्याभरात त्यावर फुलांची चित्रं, सुप्रभात, आणि कुणाच्या तरी मुलाचं राजकारण. आजी एकही बोलली नाही, कारण तिला टाइप करता येत नव्हतं आणि फोन तिचा नव्हता. आम्ही आपल्या सोयीचं साधन त्यांच्या गळ्यात बांधलं होतं.

मग मंडळाच्या पैशातून एकच फोन घेतला. तो एका आजींच्या ताब्यात, मंडळाच्या खोलीत. बुधवारी संध्याकाळी सगळ्या जमतात. नववी-दहावीतल्या दोन मुली येतात. नंबरांऐवजी माणसांचे फोटो लावले, बोट ठेवलं की लेकीला फोन. लिहायचं काहीच नाही, बोलून निरोप पाठवायचा. फडावर दिवसा कुणी फोन उचलत नाही, पण रात्री कोपीवर निरोप ऐकला जातो आणि उलटा येतो. तो सगळ्याजणी मिळून ऐकतात. एका लेकीच्या आवाजावरून तिच्या आईच्या आधी शेजारणीनं ओळखलं, पोरीला बरं नाही. दुसऱ्या दिवशी मुकादमाला फोन गेला.

यात दोन अडचणी आल्या, त्याही सांगते. एक म्हणजे, सगळ्यांसमोर बोलताना सुनेची तक्रार कशी करणार? म्हणून आता फोन घेऊन मागच्या पडवीत जाण्याची मुभा आहे, आणि कुणी मागे जायचं नाही. दुसरी, “तुमचं खातं बंद होणार” म्हणणारे भामटे. त्यावर आज्यांनीच उपाय काढला. पैशाचा शब्द निघाला की फोन शेजारणीच्या हातात द्यायचा. दोघींना एकदम फसवणं अवघड जातं.

ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत मदतवाहिनी आहे. मुलं सांभाळत नसतील तर 2007 च्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. हे दोन्ही आम्ही त्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. वापर किती होतो? कायद्याचा जवळजवळ नाहीच. लेकावर अर्ज करायला कुठली आई धजणार! ती गोष्ट कागदानं सुटणारी नाही, आणि फोननं तर नाहीच.

आपण मागायचं काय, तर पेन्शनवाटपाच्या प्रत्येक ठिकाणी अंगठ्याला पर्याय पाहिजे, आणि तो चालत नसेल तर सहीचा पर्याय पाहिजे, ज्या सहीसाठी आपण रात्री जागलो. बाईची ओळख पटवायला पुरुषाचा फोन लागता कामा नये. नवी योजना, नवं ॲप काढताना ते आधी पाच-दहा म्हाताऱ्या बायकांच्या हातात देऊन बघा, आणि त्या बघण्याची त्यांना मजुरी द्या. शेवटचं वाक्य मी बोलले तेव्हा एका बैठकीत अधिकारी हसले होते. त्यांना बैठकीचा भत्ता मिळत होता.

क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा आपला जिल्हा, चौदा तालुके. अकोल्याची बाई आणि जामखेडची बाई एकमेकींना भेटणं सोपं नाही. पण गेल्या काही वर्षांत म्हाताऱ्या बायकांचा चेहरा ज्यानं खरंच उजळला असं मला दिसलं, ते ॲप नव्हतं, एसटीचं तिकीट होतं. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट, मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं भाडं. ज्या आजी वर्षानुवर्षं लेकीकडे गेल्या नव्हत्या त्या निघाल्या. कुणी पंढरीला, कुणी नुसत्याच बाजाराला. कंडक्टर कुरकुरतात, ते कुरकुरू देत.

म्हणून पुढच्या शिबिराला येताना प्रत्येक गटानं साठीपुढच्या दोघींना बरोबर आणा. मागच्या सतरंजीवर बसवायला नाही, बोलायला. आमच्या आजी त्यांचं यंत्राचं गाऱ्हाणं स्वतःच मांडणार आहेत. मी फक्त त्यांची पिशवी धरणार आहे.