फुटपाथवरून कामावर

आज भायखळ्याबद्दल बोलूया.

स्टेशनची जुनी इमारत मस्त दुरुस्त झालीय. 2022 मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिलेत. एरिया सुधारतोय असं सगळे म्हणतात, मीही म्हणतो. पण मग फुटपाथवर झोपणारी माणसं या सुधारणेत कुठे बसतात?

हा प्रश्न जुना आहे. 1981 च्या जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरच्या झोपड्या हटवून लोकांना मूळ गावी पाठवायचं जाहीर केलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी कोर्टात गेले. 1985 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. पण नोटीस देऊन झोपड्या हटवायलाही त्याच निकालाने मुभा दिली. म्हणजे हक्क मिळाला, जागा नाही मिळाली.

त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने भायखळ्यात आणि काही मोठ्या रस्त्यांवर या लोकांची गणना केली. सुमारे 6,000 कुटुंबं निघाली. लोकांना वाटायचं, हे सगळे रिकामटेकडे. प्रत्यक्षात बहुतेक जण कमावणारे होते आणि चालत कामावर जात होते. रेल्वेचा पास काढण्याएवढीही कमाई नसेल, तर कामाच्या जवळच झोपावं लागतं. फुटपाथ निवडण्यामागे हा साधा हिशेब होता.

पुढे 'महिला मिलन'च्या बायकांनी रुपया-रुपया साठवला, सरकारशी बोलणी केली. काही कुटुंबांना मानखुर्दला पक्कं घर मिळालं. मोठीच गोष्ट! पण काम इकडे आणि घर तिकडे झालं, की रोजचा प्रवासखर्च सुरू होतो.

आता एकट्या बेघरांचं बघा. सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या आदेशानुसार शहरात दर 1 लाख लोकसंख्येमागे 24 तास चालणारा एक निवारा हवा. 2011 च्या जनगणनेत मुंबई होती 1 कोटी 24 लाख. म्हणजे 124 निवारे झाले. प्रत्यक्षातला आकडा याच्या कितीतरी खाली आहे.

आणि निवारा म्हणजे नुसती चटई नाही. केंद्राच्या योजनेत माणशी किमान 50 चौरस फूट जागा सांगितलीय. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक खातं, दवाखाना हे सगळं तिथून जोडून द्यायचंय. पत्ता नसला की यातलं प्रत्येक काम अडतं.

माझं म्हणणं एवढंच, की निवारा शहराच्या टोकाला नको. जिथे हमाली, कचरावेचणी, कॅटरिंगची कामं मिळतात, तिथेच हवा. टॉवरला परवानगी देताना पार्किंगचा हिशेब होतो ना? मग निवाऱ्याचाही व्हायला हवा.

तुमच्या वॉर्डात निवारा आहे का? नगरसेवकांना विचारा. नाही म्हणाले, तर जागा कुठे ठरवलीय, तेही विचारा. उत्तर मिळालं की मला पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो.