आधी दाणा, मग जनुक



अधिवेशनाच्या अध्यक्षाने आहार व आरोग्याच्या सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो मी आज मोडतो. मला एकाच विषाबद्दल बोलायचं आहे, अफ्लाटॉक्सिनबद्दल. अन्न, जनुक आणि रोग यांचं नातं इतकं स्वच्छ क्वचितच उलगडलं आहे. त्यातून आपण घेतलेला धडा मात्र मला उलटा वाटतो.

1974 सालच्या अखेरीस राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातेतलं पंचमहाल या भागांतल्या आदिवासी गावांत कावीळ पसरली. पोटात पाणी होऊन माणसं दगावू लागली. काविळीची साथ म्हटली की आपलं बोट आधी विहिरीकडे जातं. पण इथे आजार मका खाणाऱ्या घरांपुरताच होता, आणि त्याच घरांतलं उरलंसुरलं खाणारी कुत्रीही मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे कृष्णमाचारी आणि त्यांचे सहकारी मक्यापर्यंत पोहोचले ते या धाग्यावरून. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला होता, कणसं ओलीच घरात आली आणि त्यांवर अफ्लाटॉक्सिन बनवणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली. 1975 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अहवाल आला: 397 रुग्ण, 106 मृत्यू. त्या मक्यात किलोमागे 6 ते 15 मिलिग्रॅम विष निघालं. आज धान्यासाठी आपली कायदेशीर मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ती माणसं मर्यादेच्या चारशे ते हजारपट विष भाकरीतून खात होती. दुसरं धान्य घरात नव्हतं, म्हणून.

हा झाला एकदम चढणारा डोस. थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर तेच विष यकृताचा कर्करोग घडवतं. यकृतातली विकरं त्याचं रूपांतर अशा रेणूत करतात, की तो थेट डीएनएला चिकटतो. 1991 साली चीनमधल्या चिदोंग आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या अनेक गाठींत कर्करोग रोखणाऱ्या पी-53 जनुकाच्या 249 क्रमांकाच्या संकेतावर अफ्लाटॉक्सिनमुळे होणारा एकच ठरावीक बदल सापडला. माणसाने काय खाल्लं याची नोंद गाठीतच राहिली होती! त्या रेणूला निकामी करणारी विकरंही शरीरात असतात, आणि ती सगळ्यांत सारख्या ताकदीची नसतात. जनुकांचा फरक पडतो, तो इथे. नाकारण्याचं कारण नाही.

पण अन्न आणि विषाणू यांच्यापुढे तो किती? शांघायमध्ये 18,244 पुरुषांच्या लघवीचे नमुने गोठवून ठेवले होते. पुढे ज्यांना यकृताचा कर्करोग झाला, त्यांचे नमुने काढून तपासले. नुसत्या अफ्लाटॉक्सिनने धोका 3.4 पट वाढला होता, नुसत्या हिपॅटायटिस बीच्या विषाणूने 7.3 पट. दोन्ही एकत्र आले तिथे जवळजवळ 59 पट! बेरीज सोडाच, गुणाकारही मागे पडला. यातला एक घटक साठवणुकीने आटोक्यात येतो आणि दुसरा लसीने. जनुक बदलावं लागत नाही. चिदोंगमध्ये लोक मका सोडून तांदूळ खाऊ लागले, आणि लहानपणी लस न मिळालेल्या पिढ्यांतही यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू घटले.

असं असताना थुंकीतल्या जनुकांवरून रोगाचा धोका सांगणाऱ्या चाचण्यांचा बाजार जोरात आहे, आणि आपले संशोधन-प्रस्तावही तिकडेच झुकतात. जनुकांचा अनुक्रम काढणाऱ्या यंत्राला पैसे मिळतात. बाजार समितीत ओलावा मोजायच्या साध्या यंत्रासाठी कुणी प्रस्तावही लिहीत नाही. मला हे शहाणपणाचं वाटत नाही.

हे विष शेंगदाण्यातही येतं, आणि आपल्या घरात दाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही, उपवास तर नाहीच. सुरकुतलेला, काळपटलेला दाणा निवडून टाकायची आपल्या बायकांची सवय हा या विषावरचा फार चांगला उपाय आहे. तयार कुटाच्या पाकिटात तो दाणा दिसत नाही. भाजल्याने विष पुरतं जात नाही. तेल गाळलं तर बरंचसं विष पेंडीत राहतं, पेंड गाईम्हशींच्या गव्हाणीत जाते आणि तेच विष रूप पालटून दुधात उतरतं. (लाकडी घाण्याच्या तेलाचे भक्त रागावतील, पण शुद्धीकरणात हे विष निघून जातं. घाण्यात बुरशीचा दाणा गेला, तर तेलातही त्याचा अंश येणार.)

तेव्हा सभासदांना माझी विनंती आहे. पुढच्या अधिवेशनात जनुकांवरचा निबंध जरूर वाचा, पण त्यासोबत तीन गोष्टी सांगा: तुमच्या रुग्णांच्या घरी धान्य कुठे आणि किती ओलं साठवलं जातं, त्यांच्या तालुक्यातल्या किती बाळांना जन्मल्यापासून चोवीस तासांत हिपॅटायटिस बीची लस मिळते, आणि तिथल्या दुधाची, पेंडीची शेवटची तपासणी कधी झाली. या तीन उत्तरांविना आलेला निबंध अपुरा समजून परत पाठवावा, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे अध्यक्ष म्हणून आजच मांडतो.