मडक्यावरची रेघ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे बोलावे अशी माझी योग्यता नाही. परंतु मडकी-गाडगी हा विषय आपणा बायकांचाच आहे, म्हणून चार शब्द बोलते.

संक्रांतीला सुगडे आणली की आपण त्यांवर हळदीकुंकवाची बोटे ओढतो. मडके सजवण्याची ही हौस फार जुनी. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे हे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली डॉ. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी उत्खनन केले. तांबडी, चाकावर घडवलेली, तोटीची भांडी सापडली. भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणखणतात. अंगावर काळ्या रंगाने त्रिकोण, चौकटी, तिरप्या रेघा आणि जाळी काढलेली.

पुढे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावी १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षे डेक्कन कॉलेजने खोदकाम केले. तीन हजार वर्षांमागची अशीच भांडी तेथे निघाली. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने होती. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत लेकरू आणि सोबत चिमुकली तोटीची भांडी. भगिनींनो, लेकरू गेले तरी घराबाहेर धाडवले नाही. त्या आईचे मन समजायला आपल्याला कोणती परीक्षा द्यावी लागते?

त्याच सुमारास, इसवी सनापूर्वी ९०० ते ७०० या काळात, दूर ग्रीस देशातले कुंभारही मडक्यांवर अशाच रेघा, त्रिकोण आणि नागमोडी पट्टे काढीत होते. अथेन्सला एका थडग्यावर उभा केलेला पाच फुटी रांजण आहे. त्यावर निजवलेली मृत बाई आणि भोवती डोक्यावर हात घेऊन रडणारी माणसे आहेत. त्यांची अंगे त्रिकोणी, आपल्या डहाणूकडच्या वारली चित्रांत असतात तशी. एकमेकांचा देश ठाऊक नव्हता, पण दुःख सांगायला दोघांनीही मडकेच धरले.

इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, असे आपण शाळेत शिकलो. इनामगावच्या लोकांना लिपी नव्हती. त्यांचे एकही नाव उरले नाही. तरी त्यांच्या घरातले सुखदुःख आज कळते, ते भांड्यांमुळे. मग स्वयंपाकघरातली बाई इतिहासाबाहेरची कशी?

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाची यंदाची सहल पुण्याला डेक्कन कॉलेजचे वस्तुसंग्रहालय पाहायला न्यावी, मुलींना आणि सुनांनाही बरोबर घ्यावे. आणि कुठे नांगरताना, पाया खणताना रंगीत खापरी निघाली तर ती फेकू नये, जाणत्याला दाखवावी. ती कुणा घरची खूण असते.