निवडणुकीतील लाट : व्यक्ती आणि परिस्थिती
(पक्षाच्या अभ्यासवर्गातील भाषण)



निकाल लागले की भांडवली वृत्तपत्रे ‘लाट’ या एका शब्दात सारे उरकून टाकतात. नेत्याच्या व्यक्तिमत्त्वाने मते खेचली, नाहीतर महागाईने घालवली, एवढ्यावर त्यांचे विश्लेषण थांबते. ही दोन्ही उत्तरे किती अपुरी आहेत, हे 1977 च्या लोकसभा निवडणुकीने दाखवून दिले.

त्या मार्चमध्ये साऱ्या देशापुढे काँग्रेसचा चेहरा एकच होता : इंदिरा गांधी. तरीही उत्तर प्रदेशातील 85 आणि बिहारमधील 54 जागांपैकी एकही काँग्रेसच्या पदरात पडली नाही. खुद्द पंतप्रधान रायबरेलीत पराभूत झाल्या. त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशात 42 पैकी 41 आणि कर्नाटकात 28 पैकी 26 जागा काँग्रेसने जिंकल्या. महाराष्ट्राचा कौल दुभंगला. तेथे 48 पैकी 20 जागा तिला मिळाल्या. व्यक्तीची मोहिनीच निर्णायक असती, तर एकाच देशात ती इतकी निराळी का ठरावी?

मग कारण केवळ आर्थिक होते काय? 1975-76 मध्ये अन्नधान्याचे उत्पादन 12 कोटी टनांवर गेले होते, घाऊक किमतीही किंचित उतरल्या होत्या. परंतु मतदान निर्देशांक करीत नाही, माणसे करतात. 1975 मध्ये कामगाराचा किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणला गेला. 1976-77 या एका वर्षात नसबंदीच्या 80 लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील सक्तीचा जाच उत्तरेतील गोरगरिबांना विशेष सोसावा लागला. सभा, संप आणि वृत्तपत्रे यांवर बंधने असल्यामुळे त्या संतापाला मतपेटीखेरीज वाट उरली नव्हती. दक्षिणेत हा जाच तुलनेने कमी होता. शिवाय कर्नाटकात देवराज अर्स सरकारच्या काळात 1974 च्या दुरुस्तीमुळे कुळांना जमिनीचा हक्क मिळू लागला होता. तेथे सत्तेचा अनुभवच वेगळा होता.

भारतीय कम्युनिस्ट पक्षालाही याची किंमत मोजावी लागली. 1971 मध्ये त्याचे 23 खासदार होते. 1977 मध्ये सात उरले आणि ते सातही केरळ व तामिळनाडूतून आले. आणीबाणीला दिलेला पाठिंबा ही चूक होती, हे 1978 च्या भटिंडा अधिवेशनात पक्षाने मान्य केले. उत्पादनाचे आकडे म्हणजे जनतेचे समाधान नव्हे, हा त्यातील कडू धडा आहे.

पुढे 1979 मध्ये दुष्काळ पडला, महागाई भडकली, जनता पक्ष फुटला. 1980 मध्ये तोच चेहरा 353 जागा घेऊन परतला. उत्तर प्रदेशातच 51 मिळाल्या. तीन वर्षांत व्यक्ती बदलली नव्हती, बदलली होती ती जनतेची परिस्थिती. असंतोषाला संघटित वर्गीय पर्याय दिसला नाही, म्हणून तो परिचित चेहऱ्याकडे वळला.

तेव्हा शाखांनी आपल्या विभागाचा अहवाल लिहिताना उमेदवाराच्या लोकप्रियतेपासून आरंभ करू नये. मजुरी किती मिळते, रेशन वेळेवर येते काय, कसणाऱ्याच्या नावावर जमीन आहे काय, सरकारी अंमलदार दारात आला तर लोकांना धीर वाटतो की धाक, हे आधी नोंदवावे. हे काम निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच व्हावयास हवे. लाट आल्यावर तिचे मोजमाप सारेच करतात. ती कोठून उठते आहे, हे आधी ओळखणे हे कम्युनिस्टांचे काम आहे.