शिसं गेलं, व्हॉल्व्हचं काय?

नाशिकमध्ये अजूनही एखाद्या वाड्याच्या अंगणात कव्हराखाली जपलेली ॲम्बेसिडर दिसते. तिचं इंजिन शिसं मिसळलेल्या पेट्रोलच्या जमान्यातलं. शिसेविरहित पेट्रोल चार महानगरांत १९९५ मध्ये आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच मिळू लागलं. शिसं विषारीच, गेलं ते बरं झालं. पण त्याचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटमध्ये उशीसारखा बसायचा. आता तापलेला व्हॉल्व्ह बिडाच्या सीटवर थेट आपटतो आणि सीट झिजते. गावात फिरताना फारसं नाही. भरल्या गाडीनं कसारा घाट चढताना मात्र झीज वाढते.

टॅपेटची टकटक आपोआप थांबली, तर खूश होऊ नका हं! व्हॉल्व्ह आत बसत चालल्याची ती खूण असू शकते. फीलर गेज लावून गॅप बघून घ्या. कधी हेड उतरवलंच, तर कडक पोलादाच्या सीट बसवून घ्या.

आणि जुनी टू-स्ट्रोक चेतक स्कूटर? तिला असे व्हॉल्व्हच नसतात. तिच्या मालकानं पेट्रोलचा रबरी पाइप तपासावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यानं जुनं रबर खराब होऊ शकतं.